हार्ड डिस्क मंद झालीय? नेमकं कारण असं शोधा

डेस्कटॉप सुरू झाल्यावर कामाला लागायला दहा-दहा मिनिटं घेतो. फोल्डर उघडला की वरची हिरवी पट्टी रेंगाळत राहते. साधी फाइल सेव्ह करताना खिडकी पांढरी पडते आणि ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहून येतं. अशा वेळी हार्ड डिस्कवर संशय जाणं रास्तच आहे. मात्र ‘डिस्क स्लो झालीय’ एवढ्यावरून पुढे काय करायचं ते ठरत नाही, कारण त्या एका तक्रारीमागे तीन निरनिराळी दुखणी असू शकतात. एक तर डिस्क ठणठणीत असते, पण तिच्यावर कामाचा बोजा फार पडलेला असतो. किंवा डिस्क चांगली असते, पण केबल, पोर्ट नाहीतर एखादी सेटिंग आड येत असते. किंवा मग डिस्क खरोखरच आतून खराब होत चाललेली असते.

पहिल्या दोन्ही प्रकारांत निवांतपणे शोध घेता येतो. तिसऱ्यात तुमच्या फाइली पणाला लागलेल्या असतात, म्हणून कोणती तपासणी आधी आणि कोणती नंतर, याला फार महत्त्व आहे. अनेकजण पहिल्याच दिवशी डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणण्याचं काम) चालवतात किंवा विंडोज नव्याने टाकतात. डिस्क आजारी असेल तर या दोन्ही कामांनी ती कायमची बसू शकते. म्हणून खालच्या पायऱ्या वरून खाली, याच क्रमाने करा. विंडोज १० किंवा ११ गृहीत धरलंय.

तपासणीआधी फाइली बाहेर काढा

ही पायरी गाळू नका. डिस्क अजून वाचता येतेय तोवर जे पुन्हा मिळणार नाही ते दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर कॉपी करा: फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फाइली, प्रोजेक्ट. इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअर आणि डाउनलोड केलेले सिनेमे राहू द्या, ते पुन्हा मिळतात. सगळी डिस्क एकदम ओढायला जाऊ नका. आधी सगळ्यात मोलाचा फोल्डर, मग त्याच्या खालोखालचा. एखाद्या फाइलवर कॉपी अडकून बसली तर ती फाइल सोडा आणि पुढे जा. एका फाइलसाठी हट्ट धरला की खराब जागेवर हेड (डिस्कच्या आत फिरणाऱ्या तबकडीवरची माहिती वाचणारा भाग) पुन्हा पुन्हा फिरत राहतं आणि बाकीच्या चांगल्या फाइलीही धोक्यात येतात.

नवख्यांची इथे एक चूक हमखास होते. सी ड्राइव्हमधल्या फाइली डी ड्राइव्हमध्ये टाकल्या की बॅकअप झाला, असं त्यांना वाटतं. बऱ्याच डेस्कटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. खात्री करायची असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. ‘डिस्क ०’ च्या एकाच ओळीत सी आणि डी दोन्ही दिसले तर ती एकच डिस्क आहे.

आणि डिस्कमधून ठरावीक तालात ‘टक्‌… टक्‌… टक्‌’ असा आवाज येत असेल, किंवा ती फिरायला लागून पुन्हा थांबत असेल, तर पुढचा लेख बाजूला ठेवा आणि कॉम्प्युटर बंद करा. हेडला आपली जागा सापडत नसल्याची ती खूण असते. आतला डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्यांकडेच डिस्क द्या. तोवर चालू करून पाहण्याचा मोह टाळा, आणि तिचं झाकण तर अजिबात उघडू नका.

चांगली डिस्क किती वेगाने चालते?

हे माहीत नसेल तर दोष नसताना दोष दिसतो. डेस्कटॉपमधली नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली माहिती हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद थांबावं लागतं. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर न्यायला साधारण ८ ते ९ मिलिसेकंद. दोन्ही मिळून १२-१३ मिलिसेकंद झाले. याचा अर्थ इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर उत्तम स्थितीतली डिस्कही सेकंदाला ७५-८० तुकडेच वाचू शकते. प्रत्येक तुकडा ४ किलोबाइटचा धरला तर सेकंदाला जेमतेम ३०० किलोबाइट!

तीच डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला १५० ते २०० मेगाबाइटचा वेग सहज देते, कारण तिथे हेडला उड्या माराव्या लागत नाहीत. म्हणून हजारो बारीक फाइलींचा फोल्डर कॉपी करताना वेग पार कोसळला तर त्यात काही बिघडलेलं नसतं. विंडोज सुरू होताना नेमकी अशीच बारीक वाचनं होतात. आजची विंडोज साध्या हार्ड डिस्कवरून चालवली तर ती धिमी वाटणारच, आणि कितीही साफसफाई केली तरी एसएसडीचा (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कचा) वेग येणार नाही. मला विचाराल तर आधी पाहायचं ते एवढंच, की मंदपणा पूर्वीपासून होता की अलीकडे सुरू झाला. काल-परवापर्यंत नीट चालणारी डिस्क अचानक मंदावली असेल तर मात्र गंभीरपणे घ्या.

टास्क मॅनेजरमधले तीन आकडे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन डावीकडच्या यादीतून डिस्क निवडा. कॉम्प्युटर नुकताच सुरू केला असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, त्या वेळात सगळ्यांचीच डिस्क धावपळ करत असते.

आता तीन आकडे बघायचे: ‘ॲक्टिव्ह टाइम’, ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ आणि खालचा रीड-राइटचा वेग. बहुतेकांची नजर १०० टक्क्यांवर खिळते आणि तिथेच गल्लत होते. १०० टक्के म्हणजे डिस्कला उसंत नाही, एवढंच. ती कामात आहे की अडकलीय, हे बाकीच्या दोन आकड्यांवरून कळतं.

ॲक्टिव्ह टाइम १००, वेग सेकंदाला १२० मेगाबाइट, रिस्पॉन्स टाइम ४० मिलिसेकंद असं चित्र असेल तर डिस्क झपाट्याने काम करतेय. कोण काम करवून घेतंय ते फक्त शोधायचं. ॲक्टिव्ह टाइम १००, वेग २-३ मेगाबाइट किंवा त्याहून कमी, रिस्पॉन्स टाइम शंभर-दोनशेच्या आसपास असेल तर बारीक विखुरलेल्या कामांची रांग लागलीय. हेही बहुधा दुखणं नाही, बोजा आहे. पण आलेख १०० वर सपाट चिकटलेला, वेग शून्य ते काही किलोबाइट, आणि रिस्पॉन्स टाइम ३०००, ५०००, कधी त्याहूनही वर. मग क्षणभर सगळं मोकळं आणि पुन्हा तेच. असं दिसलं तर डिस्क एखाद्या जागी अडकून तोच सेक्टर (डिस्कवरचा माहितीचा छोटा कप्पा) परत परत वाचायचा प्रयत्न करतेय, अशी दाट शंका घ्या. डेस्कटॉपसाठीच्या डिस्क एका न वाचल्या जाणाऱ्या सेक्टरवर कित्येक सेकंद झगडत राहतात. तेवढा वेळ विंडोजला उत्तर मिळत नाही आणि स्क्रीन गोठते.

कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क असतील तर दोन्हींचे आकडे बघा. विंडोज चांगल्या डिस्कवर असली तरी बाजूला जोडलेली जुनी डिस्क आजारी असल्यामुळे फाइल एक्स्प्लोरर अडखळतो, असं बऱ्याचदा होतं. उलट, दुसरी डिस्क उघडताना फक्त पहिल्यांदाच पाच-दहा सेकंद लागत असतील आणि नंतर सगळं सुरळीत असेल, तर ती झोपेतून उठत असते. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ ही सेटिंग असते, ती वेळ वाढवली की झालं.

बोजा असेल तर तो कोणाचा?

स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधा आणि त्यातला ‘डिस्क’ टॅब उघडा. कोणता प्रोग्राम किती वाचतोय, किती लिहितोय आणि कोणती फाइल, हे सगळं तिथे नावानिशी दिसतं. नेहमीचे यशस्वी म्हणजे विंडोज अपडेट, अँटिव्हायरसचं स्कॅन, सर्चचं इंडेक्सिंग (शोधासाठी फाइलींची यादी बनवणं) आणि सिसमेन ही नेहमीचे प्रोग्राम आधीच मेमरीत आणून ठेवणारी सेवा. पहिली तीन कामं संपली की थांबतात. कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवून ती एकदा पूर्ण होऊ द्या आणि मग पुन्हा मोजा. मधेच बंद केली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतात. सिसमेन काही दिवस थांबवून फरक पडतो का ते बघायला हरकत नाही.

याच खिडकीत ‘मेमरी’ टॅबही बघा. ‘हार्ड फॉल्ट्स’चा आकडा साधं काम करतानाही सतत शेकड्यात असेल आणि रॅम जवळजवळ भरलेली असेल, तर गुन्हेगार डिस्क नाहीच. रॅम पुरत नाही म्हणून विंडोज डिस्कचा वापर रॅमसारखा करतेय. ४ जीबी रॅमवर ब्राउझरचे बरेच टॅब उघडले की हेच होतं. अशा वेळी नवी डिस्क घेण्याऐवजी रॅम वाढवा.

जाता जाता सी ड्राइव्हमध्ये किती जागा शिल्लक आहे तेही बघून घ्या. दहा-पंधरा टक्के तरी मोकळी असावी. डीफ्रॅगचं काम विंडोज स्वतःच ठरावीक दिवसांनी करत असते, त्यात हात घालायची गरज सहसा पडत नाही.

डिस्क स्वतःबद्दल काय सांगते

माझ्या मते सगळ्या तपासणीत जास्तीत जास्त वेळ द्यावा असा भाग हाच. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते. या सोयीला ‘स्मार्ट’ म्हणतात. ती नोंद वाचायला ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. नुसतं वाचन होत असल्याने आजारी डिस्कवरही ते निर्धास्त चालवता येतं.

उघडल्यावर आधी एक सेटिंग बदला. ‘फंक्शन’ मेन्यूत ‘ॲडव्हान्स्ड फीचर’, त्यात ‘रॉ व्हॅल्यूज’, आणि तिथे दहाच्या पायाची मोजणी निवडा. नाहीतर आकडे सोळाच्या पायात दिसतात आणि नवख्या माणसाचा गोंधळ उडतो. मग शेवटच्या ‘रॉ व्हॅल्यूज’ रकान्यातल्या या ओळी शोधा.

०५, रीॲलोकेटेड सेक्टर्स: जे सेक्टर खराब निघाले म्हणून डिस्कने राखीव जागेतले सेक्टर त्यांच्या बदल्यात वापरले, त्यांची संख्या.

सी५, करंट पेंडिंग सेक्टर्स: जे वाचता येत नाहीत, पण ज्यांचा अजून निकाल लागलेला नाही असे सेक्टर. डिस्क गोठण्याशी सर्वांत थेट संबंध याच ओळीचा आहे.

सी६, अनकरेक्टेबल सेक्टर्स: तपासणीत जे दुरुस्त झालेच नाहीत ते.

सी७, सीआरसी एरर: डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाटेवर बिघडलेली माहिती. याचा संबंध बहुधा केबलशी असतो.

पहिल्या तिन्ही ओळींत शून्य असणं उत्तम. सी५ मध्ये शून्याहून मोठा आकडा असेल तर मंदपणाचं कारण जवळपास सापडलंच. ०५ मध्ये थोडे सेक्टर असतील आणि तो आकडा महिनोन् महिने हलला नसेल तर डिस्क पुढेही बरीच चालू शकते. पण एकमेव प्रत असलेली एकही फाइल मी अशा डिस्कवर ठेवणार नाही. आकडा लिहून ठेवा, आठवड्याने पुन्हा बघा. वाढत असेल तर डिस्क बदलायची वेळ आलीय.

‘रीड एरर रेट’ आणि ‘सीक एरर रेट’ या ओळी बघून मात्र घाबरू नका. सीगेटच्या डिस्कमध्ये तिथे कोट्यवधींचे आकडे दिसतात आणि ते अगदी सामान्य आहे, कारण त्या आकड्यात एकूण किती वेळा वाचन झालं तेही मिसळलेलं असतं. तापमानही बघा. बहुतेक डेस्कटॉप डिस्कची कमाल मर्यादा ६० अंश सेल्सिअस असते. पन्नाशीच्या वर सतत राहत असेल तर कॅबिनेटमधली धूळ आणि पंखे तपासा.

वर निळ्या रंगात ‘गुड’ दिसलं म्हणजे डिस्क निर्धोक आहे असं समजू नका. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पट वाढलेली दिसली. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी तापमान सोडता स्मार्टच्या कोणत्याही नोंदीत आधी काहीच इशारा दिलेला नव्हता. म्हणून स्मार्टने धोका सांगितला तर विश्वास ठेवा, आणि सगळं ठीक सांगितलं तरी पुढची तपासणी करा.

केबल आणि पोर्ट

सी७ चा आकडा मोठा असेल तर डिस्क बदलण्याआधी केबल बदला. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘ट्रान्सफर मोड’ नावाची जागा असते. तिथे दोन आकडे दिसतात, आत्ता चालू असलेला आणि डिस्कला झेपणारा. ‘साटा’ म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडण्याची पद्धत, पुढचा आकडा तिचा वेग. ‘साटा ६००’ झेपणारी डिस्क ‘साटा १५०’ वर चालत असेल तर सांधा नीट जुळत नाहीये. केवळ ३०० वर चालत असेल तर ते मंदपणाचं कारण नाही, कारण फिरणाऱ्या डिस्कला तेवढाही वेग भरून काढता येत नाही.

कॉम्प्युटर बंद करा, वीज काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मग काम सुरू करा. साटा केबल दोन्ही टोकांकडून काढून पुन्हा घट्ट बसवा. दुमडलेली, सैल किंवा फार जुनी असेल तर नवीनच लावा. जमल्यास मदरबोर्डवरचं दुसरं पोर्ट वापरा आणि एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) येणारा विजेचा दुसरा कनेक्टर जोडून बघा. सी७ चा आकडा केबल बदलल्यावर शून्यावर येत नाही, तो कायमचा असतो. तो वाढायचा थांबला की दुरुस्ती झाली असं समजा.

विंडोजची नोंदवही

‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मध्ये ‘सिस्टम’. ‘सोर्स’ रकान्यात ‘डिस्क’ लिहिलेल्या नोंदी शोधा. क्रमांक ७ म्हणजे खराब ब्लॉक. १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचं काम पुन्हा करावं लागलं. ‘स्टोरएएचसीआय’ या नावाखाली १२९ दिसला तर डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून तिला रीसेट करावं लागलं. कॉम्प्युटर गोठल्याची वेळ आणि या नोंदींची वेळ जुळतेय का ते पाहा. जुळली तर विंडोज नव्याने टाकून काहीही साध्य होणार नाही.

पृष्ठभागाची चाचणी, बॅकअप झाल्यावरच

‘एचडी ट्यून’च्या मोफत आवृत्तीत ‘बेंचमार्क’ चालवा. चांगल्या डिस्कचा आलेख डावीकडे उंच सुरू होतो आणि उजवीकडे हळूहळू उतरत साधारण निम्म्यावर येतो. तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त माहिती मावते, म्हणून ही उतरण नैसर्गिक आहे. त्या उतरणीत मधेच रेषा तळाला जाऊन परत वर येत असेल, आणि चाचणी पुन्हा केल्यावरही त्याच जागी येत असेल, तर तिथली तबकडी खराब आहे. खड्डे दरवेळी वेगळ्या जागी पडत असतील तर मागे दुसरा कुठला प्रोग्राम डिस्क वापरत असण्याची शक्यता जास्त.

संशय उरलाच तर उबुंटूसारखी लिनक्स पेन ड्राइव्हवरून सुरू करा, इन्स्टॉल न करता. त्यातल्या ‘डिस्क्स’ या प्रोग्राममध्ये स्मार्टची सविस्तर चाचणी आहे. ‘शॉर्ट’ चाचणी काही मिनिटांत होते, ‘एक्स्टेंडेड’ कित्येक तास घेते कारण ती सबंध डिस्क वाचते. या प्रयोगाचा दुसरा फायदा म्हणजे विंडोज पूर्णपणे बाजूला राहते. लिनक्समध्ये डिस्क सुसाट चालली तर दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथेही अडखळली तर तो डिस्क, केबल किंवा पोर्टमध्येच आहे.

सगळं ठीक, तरी लिहिताना रखडते

मोठी फाइल टाकताना पहिले काही जीबी वेगाने जातात आणि मग वेग सेकंदाला १०-२० मेगाबाइटवर येतो, वाचन मात्र व्यवस्थित होतं, स्मार्टही स्वच्छ. अशी डिस्क बहुधा एसएमआर प्रकारची असते. यात वर्तुळं एकमेकांवर थोडी चढवून लिहिलेली असतात, त्यामुळे एक जागा बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. २०२० मध्ये ग्राहकांनी आवाज उठवल्यावर कंपन्यांनी आपली कोणती मॉडेलं एसएमआर आहेत याच्या याद्या जाहीर केल्या. मॉडेल क्रमांक टाकून तुमची डिस्क त्यात आहे का ते बघता येतं. असल्यास ती साठवणीसाठी ठेवा, विंडोजसाठी वापरू नका.

डिस्क बदलायचं ठरल्यावर

विंडोजसाठी एसएसडीच घ्या. जुन्या डिस्कमध्ये खराब सेक्टर नसतील तर क्लोन (डिस्कची हुबेहूब नक्कल) करून सगळं जसंच्या तसं हलवता येतं. खराब सेक्टर असतील तर साधी क्लोनिंग सॉफ्टवेअर त्या जागी अडकतात. तिथे लिनक्समधलं ‘डीडीरेस्क्यू’ कामी येतं. ते सहज वाचता येणारा भाग आधी उतरवून घेतं, अवघड जागा शेवटी ठेवतं आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं, त्यामुळे काम मधे थांबवून पुन्हा सुरू करता येतं. विंडोजच्या ‘चेकडिस्क’ला खराब सेक्टर शोधायला लावणं हे त्यानंतरचं काम आहे, आधीचं नाही. न वाचलेल्या तुकड्यांतून ते जी डागडुजी करतं त्यात फाइली कायमच्या हरवू शकतात.

सेक्टर वाढत चाललेली डिस्क ‘बॅकअपसाठी राहू दे’ म्हणून कपाटात ठेवू नका, बॅकअपला तर सर्वांत भरवशाची डिस्क लागते. वॉरंटीत असेल तर कंपनीकडे पाठवण्याआधी तिच्यातला डेटा पुसा. पुसण्याइतकीही ती चालत नसेल आणि आत खासगी कागदपत्रं असतील, तर वॉरंटीचा लाभ सोडून ती स्वतःजवळ ठेवणं मला अधिक योग्य वाटतं. आणि नवी डिस्क बसवली की त्याच दिवशी क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून ०५, सी५, सी६ आणि सी७ चे आकडे तारखेसह लिहून ठेवा.